सात नंबरच्या पिशवीतला वायू

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला शिल्पाने सात नंबरची पिशवी यंत्राला जोडली, आणि कागदावरची सुई सरळ रेघ ओढत निघून गेली.

जिथे मिथेन वायूचा उंच सुळका उभा राहायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. ऑक्टोबरपासून दर महिन्याला तो आला होता. अडुसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, एकोणसत्तर. आज शून्य. तिने यंत्राला सिलिंडरमधला ठरावीक मापाचा वायू दिला. सुळका बरोबर आला. म्हणजे यंत्र ठीक होतं.

नारायणगुड्याच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डॉ. मुकुंदराव भालकीकरांचा पोटविकारांचा दवाखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत शिल्पा औरादकरची प्रयोगशाळा. यंत्र परदेशी होतं. पूर्वी त्याच्या परवान्यातच तीन वर्षं गेली असती. आता बाजार खुला झाला होता आणि चार महिन्यांत ते मद्रासच्या बंदरातून थेट दारात आलं होतं. जुनाट बद्धकोष्ठ आणि पोटफुगीचे बारा रोगी दर महिन्याला एका पिशवीत श्वास फुंकून देत आणि शिल्पा त्यातले वायू मोजत असे.

सात नंबर म्हणजे हिम्मतराव जहागीरदार, हायकोर्टाच्या दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले चौसष्ट वर्षांचे गृहस्थ. चार नंबर म्हणजे रजनी उदगीरकर, सव्वीस वर्षांची शाळामास्तरीण. रजनीचं पोट सहा वर्षं असं अडलेलं होतं की तिने नोकरीवरून रजा घेतली होती. दोन प्रतिजैविकं देऊन झाली, उतार नाही. येत्या शुक्रवारी सर्जन तिचं मोठं आतडं काढून टाकणार होते.

शिल्पा महिनाभर मुकुंदरावांना एकच गोष्ट सांगत होती. रजनीच्या आणि हिम्मतरावांच्या पोटात मिथेन करणारे जीव जंतू नाहीतच. ते आर्किया आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंसारखे दिसतात, पण घराणं वेगळं. अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन ही औषधं जंतूंच्या भिंतीवर घाव घालतात, आणि यांची भिंतच निराळ्या मालाची. औषध हरलं असं नाही, ते चुकीच्या दारावर धडका देत होतं. म्हणून ऑपरेशन थांबवा, योग्य औषध शोधू.

आणि याला तिचा सगळ्यांत मोठा पुरावा हिम्मतराव. अँपिसिलिनचा पुरा कोर्स घेऊनही त्यांचा मिथेन इंचभर हलला नव्हता.

मुकुंदरावांनी कागद हातात घेतला. त्यांच्या मागून मिलिंद सबनीसने वाकून पाहिलं. मिलिंद मुंबईचा, एका औषध कंपनीचा माणूस. दवाखान्याला यंत्र त्याच्या कंपनीनेच दिलं होतं, आणि कंपनीचं नवं औषधही भिंतीवर घाव घालणाऱ्या जातीचंच होतं.

"डॉक्टर, मी स्पष्ट बोलतो," मिलिंद म्हणाला. "चार महिने सत्तरच्या घरात असलेला माणूस, काहीही औषध न घेता एकदम शून्यावर येत नाही. एक तर कोणी पिशवी बदलली, नाही तर आधीचे आकडे खोटे आहेत. तिसरं काही असू शकत नाही."

शिल्पाचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही मला खोटारडी म्हणताय."

"मी आकड्यांना म्हणतोय."

मुकुंदरावांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी फोन ओढला. "एकच बाई आहेत ज्यांचा शब्द तुम्ही दोघंही मानाल. त्या काय म्हणतील ते खरं. आणि त्यांनी आकडे खोटे म्हटले, तर शुक्रवारचं ऑपरेशन मी थांबवणार नाही."

२

सुशीलाबाई हुमनाबादकर एकतीस वर्षं सरकारी औषध प्रयोगशाळेत होत्या. खोटी औषधं पकडण्यात त्यांची हयात गेली होती. साक्षीला उभ्या राहिल्या की वकील हळू आवाजात बोलत, असं मुकुंदराव सांगत. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी चहा नको म्हटलं आणि ऑक्टोबरपासूनचे सगळे कागद मागितले.

"हा लहान सुळका कसला ग?"

"हायड्रोजनचा. आमच्या अहवालात तो धरलेला नाही, पण यंत्र काढतंच."

"दर वेळेला दोन, तीन, दोन. आणि आज बारा." त्यांनी बोट कागदावर तसंच ठेवलं. "का?"

"आधी कमी असायचा, कारण हायड्रोजन जंतू तयार करतात आणि आर्किया तो खाऊन मिथेन करतात. आज बारा का, ते मला माहीत नाही."

सुशीलाबाई मिलिंदकडे वळल्या. "तुमचा आरोप या मुलीवर आहे. तिला आकडे बनवून काय मिळणार?"

"पेपर छापून येईल. नाव होईल. आणि आमचं औषध निकामी ठरेल."

"ते तुम्हाला झोंबतं."

"झोंबतं," मिलिंदने सरळ कबूल केलं. "पण मी त्यासाठी खोटं बोलणार नाही, बाई. मला खरंच वाटतं की यात गडबड आहे."

सुशीलाबाईंनी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. मग विचारलं, "पिशवी हिम्मतरावांच्या घरून इथे कोण आणतं?"

"अप्पाराव. आमचा अटेंडंट," मुकुंदराव म्हणाले. "सकाळी लुनावर जाऊन घेऊन येतो. अगदी भरवशाचा."

"त्याला बोलवा. आणि पिशवी माझ्याकडे द्या."

रिकामी पिशवी त्यांनी खिडकीशी धरली, उलटी केली, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेली. शिवणीजवळ, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सायकलच्या पंक्चरला लावतात तसं सोल्यूशन चोपडलेलं होतं. ते अजून पुरतं वाळलं नव्हतं.

३

अप्पाराव दारात उभा राहिला, त्याने पिशवीकडे बघितलं आणि हात जोडले.

"गलती हो गई मॅडम. झूठ नई बोलता."

"बस आधी. मग सांग."

तो बसला नाही. काचीगुड्याच्या वळणावर समोर रिक्षा आली, लुना घसरली, पिशवी फाटली. परत हिम्मतरावांकडे जावं तर डॉक्टर रागावतील. त्याने पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन लावून घेतलं, आणि...

"आणि तूच फुंकलंस," सुशीलाबाई म्हणाल्या.

"हौ मॅडम. मेरेकू क्या मालूम? हवा तो हवाच है, बोलके सोचा."

मग शिल्पा एकदम खुर्चीत बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मुकुंदरावांनी सुटकेचा श्वास सोडला. बारा हायड्रोजन, शून्य मिथेन, तो अप्पारावचा श्वास होता. आकडे खोटे नव्हते, पिशवी बदलली होती. मिलिंदने सांगितलेल्या दोन गोष्टींतली एक खरी निघाली होती आणि ती शिल्पाच्या बाजूची होती.

"मग संपलं," मुकुंदराव म्हणाले.

"संपलं नाही," सुशीलाबाई उठल्या. "नवीन पिशवी घ्या. आपण सगळेच जाऊ. हिम्मतराव माझ्यासमोर फुंकतील, आणि कोणी लुनावर येणार नाही."

हिम्मतराव सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत राहत. इस्त्रीचा पायजमा-सदरा घालून ते पाहुण्यांसाठी दारापर्यंत आले. शिल्पाने नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, मधे काही औषध घेतलं नाहीत ना?"

"नाही ग बेटा. तुला जबान दिलीय."

त्यांनी पिशवी फुंकली. सुशीलाबाईंनी ती स्वतः बंद केली, मांडीवर धरून टॅक्सीने परत आणली आणि यंत्राला जोडताना शिल्पाच्या हाताकडे डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिल्या.

सुई चालू लागली.

मिथेन शून्य.

४

मिलिंदने फक्त आपली फाइल उचलली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"मी सर्जनना फोन करतो," मुकुंदराव थकल्या आवाजात म्हणाले. "शुक्रवार कायम."

"थांबा जरा," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या कागदावर वाकल्या होत्या. "हायड्रोजन किती आला?"

"एकतीस," शिल्पा पुटपुटली.

"माणूस तोच. आधी दोन, आज एकतीस." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "मिलिंद, समजा या मुलीने आधीचे आकडे बनवले. तिला मिथेन जास्त दाखवायचा होता, तो दाखवला. पण हायड्रोजन? त्याचा अहवालात कॉलमसुद्धा नाही. कोणीही न मागितलेला आकडा चार महिने जपून बनवत बसेल असा खोटारडा मी एकतीस वर्षांत पाहिला नाही."

मिलिंदने फाइल खाली ठेवली. "मग?"

"मग आधीही खरं आणि आजही खरं. पूर्वी हायड्रोजन कोणी तरी खात होतं. आज तो तसाच पडून आहे. खाणारे मेलेत. त्यांना मारलं कोणी, एवढंच राहिलं."

शिल्पा उभी राहिली. मघाची भीती कुठल्या कुठे गेली होती. "बाई, पण अँपिसिलिनने ते मेले नव्हते. म्हणजे काका काही तरी घेतायत. आम्ही दिलेलं नाही असं."

"आणि ते लपवतायत. मी परत जाते. एकटी."

या वेळी त्या हिम्मतरावांच्या सुनेकडे, मीनाकडे, स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मीना तिखटाची बरणी भरत होती. बोलायला माणूस मिळाला याचा तिला आनंदच झाला.

"मामंजींची तब्येत? आता छान आहे. पूर्वी सकाळी पेपर घेऊन आत जायचे ते तासभर बाहेर यायचे नाहीत. आता पंधरा दिवस झाले, पेपर मला आधी मिळतो."

"अचानक?"

"नुमाइशला, त्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो होतो ना आम्ही, एकवीस तारखेला, रविवारी. नामपल्लीच्या मैदानात त्यांनी मिरची भजी खाल्ली, वर काय काय खाल्लं. दोन दिवसांनी पोट असं बिघडलं की विचारू नका. रक्तसुद्धा पडलं. दोन-तीन दिवसांत बसलं, पण तोंडाची चव पार गेली. आमटी वाढली तर म्हणायचे, तांब्याची नाणी चघळल्यासारखं लागतंय. मी चारदा फोडणी बदलली."

सुशीलाबाईंचा हात पोह्याच्या बशीवर थांबला. "आणि?"

"आणि त्या शनिवारी दोस्ताकडे पत्ते खेळायला गेले ते लालबुंद होऊन आले. उलट्यांवर उलट्या. छातीत धडधड. मी म्हटलं, बघा, नुमाइशची भजी अजून छळतायत."

रविवारची भजी शनिवारी उलटत नाहीत. सुशीलाबाई उठल्या, हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "मीना, मामंजींना जरा गच्चीवर पाठव. सांग, हुमनाबादकर बाई वाट बघतायत."

५

हिम्मतराव वर आले तेव्हा ऊन उतरत होतं. सुशीलाबाईंनी उगाच गोल फिरवलं नाही.

"हिम्मतराव, त्या शनिवारी पत्त्यांबरोबर तुम्ही ब्रँडी घेतलीत."

त्यांनी पटकन जिन्याकडे पाहिलं. राज्यात दारूबंदीला वर्ष उलटून गेलं होतं. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, आणि दोस्ताने राज्याबाहेरून, बीदरहून बाटली आणलेली.

"बाई, तुम्हाला कोणी..."

"कोणी नाही. तुमच्या उलट्यांनी सांगितलं. आणि तांब्याच्या नाण्यांनी. तोंडाला धातूची चव आणणारी, आणि वर एक पेग पडला तर माणसाला लालबुंद करून उलटी घडवणारी एकच गोळी इथल्या प्रत्येक केमिस्टकडे मिळते. आवेची. मेट्रोनिडॅझोल. किती दिवस घेतलीत?"

हिम्मतराव कठड्याला टेकले.

"सात दिवस, रोज तीन," ते शेवटी म्हणाले. "केमिस्टने दिल्या, बिगर चिठ्ठीच्या. रक्त बघून मी घाबरलो होतो बाई. शिल्पाला सांगितलं असतं तर यादीतून नाव कापलं असतं. पोरगी चार महिने माझ्या मागे मेहनत करतेय. आणि गोळ्यांची गोष्ट निघाली तर शनिवारची निघणार, सुनेपर्यंत जाणार. म्हणून मिसल, अख्खी फाइलच, बंद करून टाकली."

"त्या मिसलीवर त्या मुलीची अब्रू जात होती आज. आणि एका बाईचं आतडं."

त्यांनी मान खाली घातली. मग सदरा नीट केला आणि म्हणाले, "चला. मी सगळ्यांसमोर बयान देतो. शनिवारसकट."

६

हिम्मतरावांनी दवाखान्यात उभं राहून सगळं सांगितलं. त्यांचं शेवटचं वाक्य पुरतं व्हायच्या आत शिल्पा फळ्याजवळ पोचली होती.

"मेट्रोनिडॅझोल भिंतीला हातच लावत नाही," ती भराभर बोलू लागली. "ते सरळ आत शिरतं, आणि जी पेशी हवेशिवाय जगते तिच्या आतच त्याचं विष बनतं. या आर्कियांना हवा चालतच नाही. म्हणजे ते स्वतःच्या हातांनी ते विष तयार करतात. बाई, आपण त्याला आवेचं औषध म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते योग्य दार होतं."

"पण मग हायड्रोजन करणारे जंतूही मेले असतील," मुकुंदराव म्हणाले.

"बरेच मेले असतील. पण गोळ्या बंद होऊन दोन आठवडे झाले. जंतू झपाट्याने परत वाढतात. आर्किया फार हळू. जंतू परत आले, हायड्रोजन आला, खाणारे अजून नाहीत. म्हणून एकतीस."

मुकुंदरावांचा आवाज बदलला होता. "आणि रजनीला आपण दोनदा भिंतीवरचीच औषधं दिली, आणि म्हटलं, औषधाने होत नाही, कापा."

मिलिंद इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. "एक माणूस म्हणजे पुरावा नाही," तो म्हणाला. "त्यांचं पोट नुमाइशच्या जुलाबांनीच साफ झालं नसेल कशावरून?"

शिल्पा तोंड उघडणार, तोच सुशीलाबाई म्हणाल्या, "अगदी बरोबर प्रश्न आहे. उत्तर कसं काढाल?"

उत्तर उबवणी कपाटात होतं. डिसेंबरमध्ये हिम्मतरावांच्या नमुन्यातून शिल्पाने आर्किया वेगळे काढून वाढवले होते. हवाबंद बाटल्यांत, गढूळ पाण्यात, ते मिथेन करत जगत होते. तिने नऊ बाटल्या काढल्या आणि त्यांतला जुना वायू काढून ताजा भरला.

"तीन अँपिसिलिनच्या, तीन मेट्रोनिडॅझोलच्या, तीन बिनऔषधाच्या," ती म्हणाली आणि पिचकारी मिलिंदसमोर धरली. "औषध तुम्ही घाला. कुठल्या बाटलीत काय ते मला सांगू नका. यादी खिशात ठेवा."

मिलिंदने तिच्याकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मुकुंदरावांनी सर्जनना सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला वेळ द्या. सर्जन म्हणाले, सहा म्हणजे सहा. रजनी सर्जनच्या इस्पितळात दाखल झाली होती. तिला शुक्रवारसाठी उपाशी ठेवायला सुरुवात झाली होती.

गुरुवारी चारला शिल्पाने पहिल्या बाटलीतला वायू सुईने ओढला. सगळे यंत्राभोवती उभे होते. अप्पाराव दाराबाहेरून डोकावत होता. त्याला आत घेतलं.

पहिली बाटली, मिथेन भरपूर. दुसरी, काही नाही. तिसरी, काही नाही. चौथी, भरपूर. शिल्पा आकडे मोठ्याने म्हणत होती, सुशीलाबाई लिहून घेत होत्या. नवव्या बाटलीनंतर कागदावर सहा जागी वायू होता आणि तीन जागी नव्हता. दोन, तीन आणि आठ.

"आता यादी," सुशीलाबाई म्हणाल्या.

मिलिंदने खिशातून घडी काढली. त्याने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"मेट्रोनिडॅझोल," तो म्हणाला, "दोन, तीन, आठ." आणि मग, हळू, "अँपिसिलिनच्या बाटल्यांत आणि साध्या बाटल्यांत फरकच नाही. आमच्या कंपनीचं औषधही असंच हरेल. मीच त्यांना लिहितो."

मुकुंदराव ऐकायला थांबले नव्हते. ते फोनवर होते. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

सर्जननी ऑपरेशन रद्द केलं नाही, पुढे ढकललं. तीन आठवडे, म्हणाले. संध्याकाळी मुकुंदराव, शिल्पा आणि सुशीलाबाई रजनीच्या खाटेपाशी गेले. शिल्पाने तिला काहीही न लपवता सांगितलं. बाटलीतला जीव मेला म्हणजे तुमचं पोट सुटेलच असं नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित काही महिन्यांनी ते परत वाढतील आणि पुन्हा औषध घ्यावं लागेल. तोंडाला विचित्र चव येईल.

रजनीने सगळं ऐकून घेतलं. "आणि कापलेलं आतडं परत जोडता येत नाही," ती म्हणाली. "गोळ्या द्या."

सात दिवस गोळ्या. त्यानंतर दहा दिवस वाट. त्या दहा दिवसांत शिल्पाने तिला एकदाही फोन केला नाही. धीर झाला नाही. सुशीलाबाईच रोज चारच्या सुमाराला यायच्या, कागद चाळायच्या आणि जायच्या.

अकराव्या दिवशी सकाळी दहाला जिन्यात पावलं वाजली. कोणी तरी तिन्ही मजले धावत चढत होतं. रजनी दारात उभी राहिली, घामाने डबडबलेली, धापा टाकत, खांद्यावर पर्स आणि काखेत वह्यांचा गठ्ठा.

"पिशवी द्या, फुंकते," ती म्हणाली.

"आधी दोन मिनिटं बसा," शिल्पा म्हणाली. "धाप लागलेली असताना आकडा नीट येत नाही."

"दोनच मिनिटं. त्याहून जास्त नाही जमणार."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. सुशीलाबाईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. धाप ओसरल्यावर रजनीने पिशवी एका दमात भरली, शिल्पाच्या हातात दिली, आणि गठ्ठा उचलून उठली.

"अहो, थांबा ना. पाच मिनिटांत मिथेनचा आकडा कळेल," शिल्पा म्हणाली.

रजनी तोपर्यंत जिन्यात पोचली होती.

"फोनवर सांगा," तिचा आवाज खालून आला. "गेल्या सोमवारपासून रुजू झालेय. साडेदहाला सातवीचा तास आहे."